रद्दीचा लगदा, लगद्याचा कागद: लहान मुलांना रिसायकलिंग हाताने कळावं म्हणून

तुमचा प्रश्न असा: चार ते सहा वर्षांची वीसेक मुलं आहेत, हाताशी एक सकाळ आहे आणि रिसायकलिंग म्हणजे काय हे त्यांना कळेल असा एखादा सोपा हस्तकलेचा उपक्रम हवा आहे. प्लास्टिकच्या बाटल्या कापून, त्यांवर रंगीत कागद आणि चमकी चिकटवून पेनस्टँड करून घ्यावा असं तुमच्या मनात आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘यातून मुलं काही शिकतील, की नुसतीच चिकटवाचिकटवी होईल?’ तुमची ही शंका अगदी रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पेनस्टँड करण्यात वाईट काही नाही. पण तो करताना मुलाला काय दिसतं ते बघा. आधी बाटली होती, नंतरही बाटलीच राहिली, फक्त नटली. एखादी वस्तू फेकण्याआधी तिचा दुसरा काही उपयोग होतो का ते बघायची सवय लागली तर चांगलंच. पण टाकलेली वस्तू गोळा होते, तिचं मूळ रूप पार मोडतं आणि त्याच मालातून नवी वस्तू घडते, हा रिसायकलिंगचा गाभा पेनस्टँडमध्ये कुठेच येत नाही. कचऱ्यावर चमकी लावली की झालं रिसायकलिंग, एवढंच मुलाच्या डोक्यात उरतं.

दुसरी अडचण मला जास्त खुपते. धुतलेली, कोरडी बाटली हा पुन्हा कारखान्यात जाऊ शकणारा स्वच्छ माल असतो. तिच्यावर गोंद, कागद, लोकर, चमकी असं सगळं एकत्र चिकटलं की ते वेगळं करायला कुणालाच परवडत नाही. चमकी तर बहुतेक वेळा प्लास्टिकचाच चुरा असते आणि हात धुताना पाण्याबरोबर वाहून जाते. महिना-दोन महिन्यांत पेनस्टँड मोडतो आणि मिश्र कचऱ्यात जातो. म्हणजे रिसायकल होऊ शकणारी बाटली आपण रिसायकलिंगच्याच नावाखाली बाद करून टाकतो. मुलांना हे कळत नाही, पण आपल्याला कळतं, आणि म्हणूनच मी वर्गात अशा वस्तू करून घेत नाही.

तेव्हा कोणती वस्तू बनवायची हे नंतर ठरवू. आधी मुलाच्या डोळ्यांसमोर काय घडायला हवं ते ठरवू. माझ्या मते एकच गोष्ट घडायला हवी: जुनी वस्तू ‘संपली’ असं वाटावं आणि तरीही तिचा माल हातात शिल्लक असावा. या वयाला हे सोपं नसतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिलं होतं की साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं जे दिसतं त्यावरून ठरवतात. रुंद भांड्यातलं पाणी त्यांच्यासमोरच उंच, अरुंद भांड्यात ओतलं तरी ती म्हणतात, ‘आता पाणी जास्त झालं.’ अशा मुलापुढे बाणांचा तक्ता लावून ‘जुन्या कागदाचा नवा कागद होतो’ म्हटलं, तर ते वाक्य ते पाठ म्हणून दाखवेल, पण त्याच्या लेखी जुना कागद वेगळा आणि नवा वेगळा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माल त्याच्याच हातात राहिला, मध्ये कुठेही ‘आता ताई बाकीचं करून आणतील’ असं झालं नाही, तरच या दोन टोकांची गाठ पडते.

अशी पूर्ण फेरी कोणत्या मालाची करता येते? काचेच्या भट्टीला १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. प्लास्टिक त्यामानाने लवकर वितळतं, पण घरात किंवा वर्गात ते वितळवायचं नाही, धूर विषारी असतो. राहतो कागद. त्याला फक्त पाणी लागतं. लहान मूल स्वतःच्या हातांनी रिसायकलिंगची अख्खी फेरी पूर्ण करू शकेल असा घरगुती माल माझ्या माहितीत हा एकच. म्हणून माझं उत्तर: रद्दीपासून हातकागद करा.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. हवा दमट असेल तर कागद वाळायला एका दिवसाऐवजी तीन दिवस लागतील. मदतीला दुसरं मोठं माणूस नसेल तर वीस मुलं एकदम पाण्याजवळ आणू नका. काही मुलांना ओल्या, गिळगिळीत वस्तूला हात लावणं अजिबात सहन होत नाही. त्यांना जबरदस्ती करू नका, फाडायचं आणि दाबायचं काम द्या. तीन वर्षांच्या आतलं एखादं भावंड बरोबर असेल तर लगदा तोंडात जाणार नाही याकडे लक्ष ठेवायला हवं, कारण त्यात छपाईची शाई असते. आणि तुमच्या भागात कोणता कचरा खरोखर वेगळा उचलला जातो हे तुम्हालाच माहीत. जे तिथे उचललं जात नाही, ते ‘रिसायकल होतं’ असं मुलांना सांगू नका.

सगळं एका सकाळीत बसवायचा आग्रह मात्र सोडा. तीन छोटे तुकडे करा: पहिल्या दिवशी फाडणं आणि भिजवणं, दुसऱ्या दिवशी कागद काढणं, वाळल्यावर तिसऱ्यांदा त्या कागदाचं काहीतरी करणं. मधलं थांबणंही उपयोगी पडतं. रात्रभरात कागदाचं काय झालं हे बघायला मुलं दुसऱ्या दिवशी धावत येतात.

पहिला दिवस. एका मुलामागे ए-४ आकाराचे एक-दोन कागद पुरतात. वर्तमानपत्र, वहीचे लिहिलेले कागद, छापून वाया गेलेले कागद, जुनी पाकिटं, सगळं चालतं. गुळगुळीत चकचकीत कागद, प्लास्टिकचा थर असलेले कागदी कप, स्टिकर आणि चिकटपट्टी लागलेले तुकडे बाजूला काढा. दुकानातल्या छापील पावत्याही नकोत. त्या बहुतेक उष्णतेने उमटणाऱ्या कागदाच्या असतात आणि त्यांच्यावर रसायनाचा लेप असतो. ही निवड मुलांसमोर, त्यांच्याकडूनच करून घ्या. कप भिजवून बघा, कागद सुटतो आणि आतून पातळ पारदर्शक पापुद्रा हाताला लागतो. ‘अरे, यात प्लास्टिक लपलंय!’ असं एक मूल ओरडलं की वर्गीकरण का करायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग फाडणं. कात्री देऊ नका. कात्रीने तंतू कापले जातात, हाताने फाडल्यावर ते लांब राहतात. शिवाय फाडायला मिळणं हा या वयात मोठा आनंद असतो, कारण एरवी त्यावरूनच ओरडा खावा लागतो. अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे झाले की कोमट पाण्यात रात्रभर ठेवा.

भिजवण्याआधी पाच मिनिटं मी एक गोष्ट नेहमी करते आणि तुम्हीही ती टाळू नका. कागदाचा एक तुकडा अगदी सावकाश फाडायचा, खिडकीसमोर धरायचा आणि फाटलेली कड भिंगातून बघायची. कड सरळ नसते. तिच्यातून बारीक पांढरे केस बाहेर आलेले असतात. मुलं म्हणतात, ‘कागदाला केस आहेत!’ हे केस म्हणजे झाडातून आलेले सेल्युलोजचे तंतू. कागद म्हणजे विंचरायचे राहून गेलेले केस गुंतावेत तसा या तंतूंचा चपटा गुंता, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. पाण्यात गुंता सुटणार, जाळीवर नव्याने गुंतणार.

दुसरा दिवस. भिजलेला कागद मऊ झालेला असतो, पण अजून त्याचे तुकडे ओळखू येतात, एखादं अक्षरही दिसतं. त्याचा लगदा दोन प्रकारे करता येतो. मिक्सर असेल तर मूठभर भिजलेला कागद आणि भांड्याचा दोन-तृतीयांश भाग पाणी घेऊन थांबत थांबत अर्धा मिनिट फिरवा. हे काम मोठ्यांचं. मला दुसरी पद्धत जास्त आवडते: रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत पाव भाग कागद, अर्धा भाग पाणी आणि तीन-चार गुळगुळीत गोटे घालून मुलांना आळीपाळीने हलवायला द्यायची. वेळ लागतो, लगदाही जाडाभरडा होतो, पण कागद मोडला तो त्यांनी मोडला. मिक्सरचं झाकण उघडल्यावर लगदा दिसतो तेव्हा मुलाला ती जादू वाटते. बरणीत दर थोड्या वेळाने डोकावलं तर तुकडा फुगताना, विरताना, शेवटी नाहीसा होताना दिसतो. वीस मुलांसाठी दोन्ही एकत्र करा: थोडा लगदा बरणीतला, बाकी मिक्सरचा.

इथे थांबून विचारा, ‘कागद कुठे गेला?’ उत्तर सांगू नका. काही मुलं म्हणतील संपला, काही म्हणतील पाणी झाला. कुणीतरी भांड्यात हात घालून म्हणेल, ‘नाही, इथेच आहे.’ या एका प्रश्नासाठी मी हा सगळा खटाटोप करते. त्यामुळे इथे घाई करू नका, मागे रांग लागली असली तरी.

जाळीसाठी जुनी फोटोफ्रेम चालते, काच काढून तिच्यावर मच्छरदाणीचं कापड ताणून ठोकायचं. पण लहान हातांना भरतकामाची गोल रिंग सगळ्यात सोयीची, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाची. दोन रिंगांच्या मध्ये जाळी ताणून घट्ट बसते आणि टोचणारं काही राहत नाही. मोठी माणसं कागद करताना चौकट टबात तिरकी बुडवून आडवी वर काढतात. चार वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, लगदा एका कडेला घसरतो. त्यापेक्षा उथळ ट्रेमध्ये रिंग ठेवा आणि मुलाला कपाने वरून ओतू द्या. लगदा चांगला पातळ करा, टबात हात बुडवला तर बोटं अंधुक दिसायला हवीत. घट्ट लगदा ओतला की गोळे पडतात आणि वाळल्यावर तिथे भेगा जातात. ओतल्यावर रिंग हलकेच डावीउजवीकडे हलवली की तंतू सगळीकडे पसरतात.

पाणी निथळू द्या. मग सुती कापडाचा तुकडा टेबलावर पसरून त्यावर रिंग पालथी घाला आणि जाळीच्या मागून स्पंजने टिपा. स्पंज पिळायचा, पुन्हा टिपायचं, चार-पाच वेळा. पाणी नीट टिपलं तर रिंग उचलल्यावर कागद कापडावर राहतो. कागद जाळीलाच चिकटून वर आला तर तो अजून फार ओला आहे, परत टिपा. फाटला तर लगदा सरळ टबात टाका आणि पुन्हा ओता. ‘बिघडलं’ म्हणून फेकून द्यावं लागत नाही अशी हस्तकला विरळाच, आणि जी मुलं चुकायला घाबरतात ती इथे खुलतात.

वर दुसरं कापड घालून मुलांना तळहातांनी दाबू द्या, हवं तर फळी ठेवून त्यावर एकेकाला उभं करा. मग कापडासकट सपाट जागी वाळवा. अर्धवट वाळल्यावर जड पुस्तकांखाली ठेवला तर कागद वाकडा होत नाही.

गोंद न घालता कागद धरून कसा राहतो, हे पालक हमखास विचारतात. पाणी उडून जाताना तंतू एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि सेल्युलोजच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. पुन्हा भिजवला की हे बंध सुटतात, म्हणून तर सगळी फेरी जमते. मुलांना एवढंच सांगा: ओले केस सुटे होतात, वाळले की एकमेकांना घट्ट धरतात.

कागद राखाडी येतो. मुलांना पांढरा हवा असतो, मग तोंडं पडतात. मी ब्लीच वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. खरं कारण सांगा: अक्षरांची शाई अजून आतच आहे. कारखान्यात लगद्यात हवेचे बुडबुडे सोडतात, शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून टाकले जातात. या खटपटीला मोठा इतिहास आहे. छापील कागदातली शाई धुऊन त्याचा पुन्हा कागद करण्याची रीत १७७४ मध्ये जर्मनीत युस्टुस क्लाप्रोट यांनी लिहून प्रसिद्ध केली होती. त्याच्याही कितीतरी आधी, इ.स. १०५ च्या सुमारास, चीनच्या दरबारातल्या छाई लुनने झाडाची साल, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी कुटून कागद केला असं सांगतात. म्हणजे ज्याच्या नावावर कागदाचा शोध नोंदला जातो त्याचा कच्चा मालही टाकाऊच होता. जाळ्याची गोष्ट मुलांना फार आवडते, नक्की सांगा.

रंग हवाच असेल तर रंगीत कागदाचे कपटे लगद्यात मिसळा, किंवा ओल्या कागदावर सुकलेल्या पाकळ्या दाबा. बिया घालायच्या असतील तर बारीक घ्या आणि कागद त्याच दिवशी वाळेल असं बघा, नाहीतर वाळण्याआधीच कोंब फुटतात. चमकी नको. ती लगद्यात एकदा गेली की कधीच निघत नाही.

आता एक धोका, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एकदा लगदा कमी पडला तेव्हा एका मुलाने चित्रकलेच्या वहीतला कोरा कागद टरकावला आणि उत्साहाने टबात टाकला. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं: कागद करायला मजा येते, कागद फाडल्याने कागद होतो, मग फाडूया! रिसायकल होतंच आहे तर वाया घालवायला काय हरकत, हा मोठ्यांचाही समज असतो. त्याच्या हातात कोरा कागद ठेवून मी विचारलं, ‘याच्यावर अजून काय काय करता येईल?’ त्याने चित्र, मग मागच्या बाजूला चित्र, मग विमान असं सांगितलं. तेव्हापासून आमच्या टबाचा एक नियम आहे: दोन्ही बाजू भरल्या असतील तोच कागद पाण्यात जातो. आधी कमी वापरा, मग पुन्हा वापरा, मगच रिसायकल, हा क्रम व्याख्यान न देता या एका नियमात बसतो. मुलं तो एकमेकांवर इतका कडकपणे लादतात की तुम्हाला मध्ये पडावंच लागत नाही.

बाटल्यांचं काय, असं तुमच्या मनात असेल. त्या रिकाम्या करा, विसळा, झाकणं वेगळी ठेवा आणि मुलांनाच संकलनाच्या डब्यात टाकू द्या. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो तो शोधायला सांगा, शोधायला मजा येते. पण मोठ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तो आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १ ते ७ ही खूण आणली ती प्रकार ओळखता यावा म्हणून. त्रिकोण दिसला म्हणजे ती वस्तू रिसायकल होणारच असं नाही. सात वर्षांच्या पुढची मुलं असतील तर त्यांना एकमेकांमागे धावणाऱ्या तीन बाणांच्या चिन्हाची गोष्टही सांगता येईल. १९७० मध्ये गॅरी अँडरसन या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते एका स्पर्धेसाठी काढलं होतं, मोबियसच्या पट्टीवरून. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं जोडायची आणि तिच्यावर पेन्सिल न उचलता रेघ ओढत जायचं, पेन्सिल जिथून निघाली तिथेच परत येते. तुमच्या वयोगटाला मात्र हे लवकर होईल.

आवराआवरीबद्दल: उरलेला लगदा बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नका, नळी तुंबते. कापडातून गाळा, पिळून गोळे करा आणि वाळवून ठेवा. पुढच्या वेळी ते भिजवले की पुन्हा लगदा तयार. ओला लगदा दोन-तीन दिवसांवर ठेवला तर वास मारतो. गाळलेलं पाणी पुढच्या भिजवणीला वापरता येतं.

तिसऱ्या दिवशी काय करायचं? मुलाला त्याचा कागद हातात द्या आणि त्यावर काहीतरी लिहू किंवा काढू द्या. मी तो घडी घालून एखाद्याला पाठवायचं पत्र करते, कारण कागद कामाला लागलेला दिसावा असं मला वाटतं. भिंतीवर लटकवलेला तुकडा शोभेची वस्तू होऊन राहतो. घरी पाठवताना पालकांसाठी एक ओळ लिहा, की मुलाला हा कागद कशापासून झाला ते विचारा. मूल ‘वर्तमानपत्रापासून’ म्हणालं आणि पाणी, जाळी, दाबणं हे आपल्या क्रमाने सांगू शकलं, तर त्याला समजलंय. ‘ताईंनी मशीनमधून काढला’ म्हणालं, तर पुढच्या वेळी मिक्सर कमी आणि बरणी जास्त.

जमलं तर महिन्याभराने दुसरी फेरी करा. त्यांनीच केलेले कागद, लिहून-चितारून दोन्ही बाजू भरलेले, पुन्हा फाडायचे. काही मुलं द्यायला तयार होत नाहीत, त्यांचे ठेवू द्या. या वेळचा कागद आधीपेक्षा कमकुवत येतो, कडा सुटतात. दर फेरीला तंतू तुटून आखूड होतात आणि वाळण्याने ताठरही होतात, त्यामुळे त्यांची पकड कमी होते. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागदासाठी कामाचे राहत नाहीत. कारखानेही म्हणूनच गरजेप्रमाणे ताज्या लाकडाचा लगदा मिसळतात. तुम्ही त्याऐवजी जाड तपकिरी पार्सलच्या कागदाचे थोडे तुकडे घाला. त्याचे तंतू लांब असतात, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओढून बघितले तर कोणता आधी फाटतो हे मुलं स्वतःच सांगतील.